प्लेनस्केप: टॉरमेंट – आपण मेलो तेव्हा कोण मेलं?

पाचोळा

आधीच सांगतो, पुढे भरपूर रसभंग आहे. हा कॉम्प्युटर गेम २५ वर्षांहून जुना असला तरी कुणाला कोरा खेळायचा असेल तर इथेच थांबा, खेळून या. धागा कुठे जात नाही.

प्लेनस्केप: टॉरमेंट डिसेंबर १९९९ मध्ये आला. ब्लॅक आइल स्टुडिओजने बनवला, इंटरप्लेने बाजारात आणला, मुख्य रचनाकार ख्रिस ॲव्हेलोन. माझ्या हाती लागला २००२ साली, पुण्यात कॉटबेसिसवर राहत होतो तेव्हा. शेजारच्या खाटेवरच्या मित्राचा भाऊ अमेरिकेहून आला होता, त्याने आणलेल्या ४ सीड्या. खोक्यावर निळसर, जखमांनी भरलेला एक चेहरा. आम्हाला वाटलं, तुफान मारामारी असणार. प्रत्यक्षात पहिल्या रात्री आम्ही दोघं शब्दकोश मांडीवर घेऊन नुसतं वाचत बसलो. या गेममधला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा आहे म्हणतात. खेळल्यावर तो आकडा खोटा वाटत नाही.

सुरुवात शवागारात होते. दगडी ओट्यावर एक माणूस जागा होतो. नाव आठवत नाही, काहीच आठवत नाही. अंगभर व्रण, पाठीवर गोंदवलेल्या सूचना. बाजूला हवेत तरंगणारी एक बडबडी कवटी, मॉर्ट तिचं नाव. ती पाठीवरचा मजकूर वाचून दाखवते: तुझी वही शोध, फॅरॉडला गाठ, वगैरे. शेवटची ओळ मात्र ती वाचतच नाही. ती ओळ असते, ‘कवटीवर विश्वास ठेवू नको’.

हा माणूस मरत नाही. मेला की काही वेळाने परत उठतो, कधी आठवणींसकट, कधी सगळं पुसून. याआधी तो असंख्य वेळा असा कोरा होऊन उठला आहे आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस म्हणून जगला आहे. त्यातले काही भले, काही वेडे, काही अतिशय दुष्ट. आपण खेळतो तो त्यांतला शेवटचा. आणि गावभर भेटणाऱ्या माणसांना आधीच्यांनी काय काय केलंय ते आठवतंय, फक्त आपल्याला आठवत नाही.

काल्पनिक जगातल्या गेममधलं क्रौर्य म्हणजे रक्त, राक्षस, जळणारी गावं, असं माझं समीकरण होतं. इथे क्रौर्य हिशेबासारखं येतं. दारूच्या गुत्त्यात इग्नस नावाचा माणूस हवेत अधांतरी अखंड जळत असतो. तुम्ही त्याला सोडवता, सोबत घेता, आणि मग कळतं की तो एकेकाळी तुमचाच शिष्य होता. तुम्ही त्याला विद्या दिलीत ती त्याला भाजून, पोळवून. दुसऱ्या कुणा खलनायकाने हे केलं असतं तर राग काढायला जागा होती. इथे समोर आरसा.

सगळ्यात मोठा घाव मात्र गोष्टीत नाही, खेळाच्या नियमात आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढतोय. आपला नायक अमर आहे म्हटल्यावर मी बिनधास्त मरायचो. मारामारीत हरलो की मरा, शवागारात उठा, पुन्हा चला. एक-दोन कोडी तर मरूनच सुटतात. गेम स्वतः मरायला शिकवतो. पन्नासेक तासांनी शेवटच्या किल्ल्यात, फोर्ट्रेस ऑफ रिग्रेट्समध्ये पोचतो तिथे सावल्या अंगावर येतात. आणि तेव्हा उलगडतं: तुम्ही दरवेळी उठलात, तेव्हा तुमच्याऐवजी कुठल्या तरी जगात कुणीतरी दुसरं मेलं. त्या सावल्या त्यांच्या आहेत.

मी खुर्ची मागे सरकवून उठलो. रात्रीचे तीन वाजले असतील. खाली टपरीही बंद. मी किती वेळा मेलो होतो, मला सांगता येईना. मोजलंच नव्हतं. एखाद्या पुस्तकाने माझ्यावर हे करणं शक्य नव्हतं, कारण पुस्तकात ते मरण माझ्या हातून झालं नसतं.

तुमच्यापैकी कुणी खेळलंय का? तुम्हाला ते कुठे लागलं?

रात्रपाळी

मी गेम खेळत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. एक शंका. त्याला माहीतच नव्हतं की त्याच्याऐवजी दुसरं कुणी मरतंय. मग दोष त्याचा कसा?

पाचोळा

@रात्रपाळी, ताई, तोच पेच आहे. अमरत्व त्याने स्वतः मागून घेतलं होतं. पहिल्या जन्मात त्याच्या हातून असं काही भयंकर घडलं की एका आयुष्यात त्याची भरपाई होणार नव्हती, आणि मेल्यावर नरक ठरलेला. (काय घडलं ते गेम कधीच सांगत नाही, आणि ते बरंच आहे.) त्याला खरोखर पश्चात्ताप झाला होता. वेळ हवा होता म्हणून तो रॅव्हेल नावाच्या चेटकिणीकडे गेला. तिने त्याचं मर्त्यपण त्याच्यापासून वेगळं काढलं. विधी झाला की नाही हे बघायला तिने त्याला तिथल्या तिथे मारून पाहिलं. तो उठला, पण सगळं विसरून. प्रायश्चित्तासाठी अनंत वेळ मिळाला आणि प्रायश्चित्त कशाचं तेच पुसलं गेलं.

सातपुडा

वाचताना पहिल्या परिच्छेदापासून अश्वत्थामा डोळ्यांसमोर होता. मी शहाद्याचा. आमच्याकडे धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा भरते, लोक रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन शिखर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामाच. लहानपणी आजी सांगायची, तो अजून या डोंगरात फिरतो, कपाळावरची जखम भरत नाही, वाटेत भेटला तर तेल मागतो. नर्मदेची परिक्रमा केलेल्या लोकांकडूनही तेच ऐकलंय.

गेम मी २०१७ ची नवी आवृत्ती आली तेव्हा खेळलो. शेवटी एक फरक डोक्यात राहिला. अश्वत्थाम्याने झोपलेली पोरं मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून त्याला न मरण्याची शिक्षा झाली. आपल्या गोष्टीत अमरत्व हाच दंड आहे. या गेममधला माणूस दंड चुकवायला अमरत्व घेतो. पण दोघांची अवस्था शेवटी एकच होते. मला वाटतं म्हणूनच मराठी माणसाला हा गेम परका वाटत नाही. एवढं मात्र खरं, की अश्वत्थाम्याला सगळं आठवतं. विसरणं जास्त वाईट की आठवणं, यावर मी आणि माझा आतेभाऊ यात्रेत अख्खा चढ भांडलोय.

कोपरा

मी जुनी आवृत्ती खेळलोय, ६४० गुणिले ४८० च्या पडद्यावर. पाचोळा यांच्याशी सहमत, नियमच गोष्ट सांगतात. त्यात थोडी भर.

या प्रकारच्या गेममध्ये साधारणपणे ताकद वाढवायची, चिलखत घ्यायचं, तलवार घ्यायची. इथे नायकाला चिलखत चढवताच येत नाही, तलवारी जवळपास नाहीत. कामाला येतं ते शहाणपण, बुद्धी आणि बोलणं. शहाणपण जास्त ठेवलं तर जुन्या आठवणी जास्त उघडतात. म्हणजे जितके शहाणे, तितकं स्वतःचं पाप जास्त कळणार. हा व्यवहार किती निर्दय आहे याचा विचार करा. मूर्ख, दांडगा नायक घेऊन खेळलात तर गेम अवघड जातो, पण झोप चांगली लागते.

आणखी एक. हे जग १९९४ साली डेव्हिड ‘झेब’ कुक यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळासाठी रचलेलं. तिथे श्रद्धेने वास्तव बदलतं. नायकाला नाव नाही, म्हणून कुणी विचारलं की ‘ॲडान’ असं खोटं नाव सांगायची सोय आहे. पुरेशा लोकांना ते खोटं सांगितलंत तर एक दिवस ॲडान नावाचा खराखुरा माणूस गुत्त्यात बसलेला भेटतो. कर्स्ट नावाचं गाव तर तिथल्या लोकांनी एकमेकांचा इतका विश्वासघात केला म्हणून अख्खंच्या अख्खं घसरून नरकासारख्या तुरुंग-जगात जातं. माणसं जशी वागतील तशी जमीन.

अवांतर: गोष्ट जिथे सुरू होते त्या सिगिल शहरातली बोली खास आहे. बातमीला ‘चँट’, पैशाला ‘जिंक’, मूर्खाला ‘बर्क’. बरेचसे शब्द लंडनच्या जुन्या चोरभाषेतून उचललेत. पहिल्यांदा काही कळत नाही आणि दहा तासांनी आपणही तसंच बोलायला लागतो. मराठीत कुणी आणायचा झाला तर कुठली बोली घ्याल? मी तरी बाजारातल्या दलालांची सांकेतिक बोली आणि जुन्या गिरणगावातली बोली यांचं मिश्रण करेन.

मांडवीकाठ

माका हो गेम खूब आवडता, पण इथे मराठीतच लिहितो.

मला डियोनारा (नायकावर प्रेम करणारीचं भूत) वगैरेंच्या आधी, पहिल्या तासातच लागलं. शवागारात जी प्रेतं काम करत फिरतात, तोंडं शिवलेली, कपाळावर आकडे, ती कोण आहेत? हाइव्ह वस्तीतल्या गरिबांनी जिवंतपणी डस्टमेन पंथाशी करार केलेला असतो. आज थोडी नाणी घ्या, मेल्यावर तुमचं शरीर आमचं. मग ते शरीर झाडलोट करतं, ओझी वाहतं, झिजेपर्यंत. वस्तीत प्रेतं गोळा करून विकणाऱ्यांचा धंदाच आहे, फॅरॉड त्यांचा म्होरक्या. एक माणूस तर असा भेटतो की करार करून पैसे घेतले, आणि आता त्याला तो मोडायचा आहे.

मी पणजीत ज्या खात्यात नोकरीला होतो तिथे कंत्राटी माणसांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. नाव-गाव सांगत नाही. एकाचं काम करताना निधन झालं, आणि त्याच्या घरच्यांना दिलेल्या पैशातून गणवेशाची रक्कम कापलेली मी पाहिली. सही मी केली नव्हती, पण फाईल पुढे मीच सरकवली. त्यानंतर काही महिन्यांनी हा गेम खेळलो. तोंड शिवलेलं ते पहिलं प्रेत बघून मी बराच वेळ माऊसला हात लावला नाही.

मार्क मॉर्गनचं संगीतही तसंच. फार थोडे सूर आणि मध्ये शांतता.

निळी शाई

सगळ्यांचं वाचलं. मला हा गेम आवडतो, दोनदा खेळलेय, म्हणूनच बोलते. तुम्ही सगळे नायकाच्या वेदनेबद्दल लिहिताय. डियोनाराचं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शवागारातच तिचं भूत भेटतं. ती त्याच्यावर प्रेम करते, मेल्यावरही वाट बघतेय. बऱ्याच पुढे, सेन्सेट पंथाच्या सभागृहात एक दगड मिळतो, त्यात तिचा एक अनुभव साठवलेला. तो हातात घेतला की तिची ओढ आतून जाणवते. आणि मग तुमची स्वतःची आठवण जागी होते, की त्या क्षणी तिच्यासमोर उभ्या असलेल्या तुमच्या मनात काय होतं. थंडगार हिशेब होता. भविष्य दिसण्याची देणगी असलेली, आपल्यावर जीव टाकणारी बाई किल्ल्यात मेली, तर तिचा आत्मा आपल्यासाठी तिथे अडकून राहील आणि आतली नजर म्हणून कामी येईल. म्हणून तिला प्रेमात पाडलं आणि मरायला नेलं.

गेमच्या लेखनाची ताकद मान्य. त्या दगडाइतकं भेदक मी गेममध्ये दुसरं काही वाचलेलं नाही. पण मोजून बघा. डियोनारा त्याच्यावर प्रेम करते. रॅव्हेल, जिने शतकानुशतकं लोकांना एकच प्रश्न विचारून चुकीच्या उत्तराला मारलं, ती त्याचं कुठलंही उत्तर स्वीकारते, कारण तिचंही प्रेम. सोबत फिरणाऱ्या दोघींपैकी ॲनाचा जीव त्याच्यावर, ग्रेसचाही कल त्याच्याकडे. एका माणसाने किती वाईट करावं हे दाखवण्यासाठी इतक्या बायका खर्ची पडतात, आणि पश्चात्ताप पुन्हा त्याचाच केंद्रस्थानी. डियोनाराला शेवटी काय मिळतं? तो तिला खरं सांगेल की गोड खोटं बोलेल, हे आपण निवडायचं. निवड आपली. तिची कुठे आहे?

पाचोळा

@निळी शाई, प्रतिसाद तीनदा वाचला. मी डियोनाराला पहिल्या वेळी खोटं सांगितलं होतं, ‘माझंही तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणून. तेव्हा वाटलं दया केली. आज वाटतं, त्या हिशेबी माणसाने जे केलं तेच मी पुन्हा केलं, फक्त मऊ आवाजात. तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही.

ग्रेसबद्दल मात्र थोडं वेगळं मत. तिला तिच्या आईनेच शत्रूकडे गुलाम म्हणून विकलं, आणि ती स्वतःच्या बुद्धीवर सुटून आली. सिगिलमध्ये तिने जे घर चालवलंय तिथे लोक फक्त बोलायला येतात. ती सक्युबस, म्हणजे पुरुषांना मोहात पाडणाऱ्या राक्षसिणींच्या जातीची; त्या जातीकडून जे अपेक्षित ते तिने नाकारलंय. या गेमचा जो मुख्य प्रश्न आहे, ‘माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो?’, त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला तिच्या जगण्यात दिसलं, नायकाच्या नाही.

निळी शाई

ग्रेसचं मान्य. ती एकटी एक वेगळा गेम होऊ शकली असती.

कोपरा

डाक्कनचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्यासाठी क्रौर्याची हद्द तो आहे.

डाक्कन हा नायकाच्या सोबत्यांपैकी एक, गिथझेराई जातीचा योद्धा आणि गुरू. त्याची तलवार त्याच्या मनाप्रमाणे आकार घेते. मनात शंका शिरली की धार जाते. त्याला आपल्या धर्मवचनांबद्दल शंका आली, आणि त्याच्या शंकेपायी त्याचं अख्खं शहर पडलं. तो अराजकाच्या प्रदेशात विरघळून मरत होता तेव्हा नायकाचा तोच हिशेबी अवतार त्याच्याकडे गेला, आणि त्यांच्या जातीचा आदिगुरू झर्थिमन याच्या वचनांचं चक्र त्याच्या हातात ठेवलं. शंका फिटेल अशी वचनं. डाक्कन वाचला. त्याने शपथ घेतली: तुझ्या मरणापर्यंत तुझी सेवा करीन.

आणि समोरचा मरत नाही.

त्याला हे माहीत होतं. ती तलवार उपयोगी पडेल म्हणूनच त्याने हे केलं होतं. वचनं त्यासाठीच दिली. एका माणसाची श्रद्धा सांधून दिली ती त्याला साखळी घालायला.

पण इथेच गेमने मला थोडा श्वास घेऊ दिला. तुम्ही डाक्कनकडे शिष्य म्हणून बसू शकता, ते चक्र एकेक पान उघडत जातं. शहाणपण पुरेसं असेल तर असे पाठ सापडतात जे डाक्कनलाही ठाऊक नव्हते, आणि मग तुम्ही त्याला शिकवता. त्याची तलवार बदलते. ज्याने फसवायला वस्तू दिली, त्याच्याच हातून ती वस्तू खरी ठरते. मी तो भाग खेळलो तेव्हा वडील आजारी होते आणि मी रात्री दवाखान्यातून येऊन तासभर बसायचो. रोज एक पान.

सातपुडा

कोपरा, हे वाचून पुन्हा खेळावंसं वाटतंय. माझ्याकडून ते पाठ राहून गेले, शहाणपण कमी ठेवलं होतं.

शेवटाबद्दल एक. बोलून जिंका, लढून जिंका, नाव आठवून जिंका, बहुतेक शेवटांत नायक नरकातल्या रक्तयुद्धात, म्हणजे राक्षसांच्या कधीच न संपणाऱ्या लढाईत जातो. खाली पडलेली एक गदा उचलतो आणि चालू लागतो. माझा आतेभाऊ म्हणाला, मग एवढं करून काय मिळालं? मला तो शेवट न्याय्य वाटला. पश्चात्तापाने तो माणूस बदलला, पण मेलेले परत आले नाहीत, म्हणून भोग चुकला नाही. आणि त्याला त्याचं खरं नाव कळू शकतं, ते आपल्याला मात्र गेम सांगत नाही. नाव त्याचं त्याच्याजवळ राहतं. हे मला फार आवडलं.

रात्रपाळी

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याने माझ्या खांद्यावरून धागा वाचला आणि मागे लागलाय. देऊ का? आणि आता हा मिळतो कुठे, आमच्या लॅपटॉपवर चालेल का?

पाचोळा

ताई, चालेल. बीमडॉग कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये सुधारित आवृत्ती काढली आहे, ती साध्या लॅपटॉपवर, अगदी फोन-टॅबवरही चालते. सुरुवातीला गुण वाटताना शहाणपण, बुद्धी, मोहकता यांत टाका. बळ विसरा.

मुलाबद्दल: १४ ला मी देणार नाही. रक्तामुळे नव्हे, तसं याहून जास्त तो रोज बघत असेल. नायक स्वतःचा डोळा काढून जुना डोळा बसवतो, स्वतःचं आतडं बाहेर काढून घेतो, असले प्रकार आहेत, पण तेही मुलं पचवतात. डियोनाराचा तो दगड कळायला मात्र आपल्या हातून कुणीतरी दुखावलं गेल्याची आठवण असावी लागते. ती नसेल तर दगड नुसता मजकूर राहील, आणि पुन्हा कोरा वाचता येणार नाही.

मांडवीकाठ

सहमत. आधी आईने खेळावा.

रात्रपाळी

तेच केलं. दवाखान्यात रात्रपाळी असते, सुट्टीच्या दिवशी झोप उलटी होते, तेव्हा पहाटे दोन ते चार बसते. काल शवागारातून बाहेर पडले. डियोनारा भेटली. निळी शाईंचं वाचलं होतं, म्हणून तिला खोटं नाही बोलले. इंग्रजी जड जातंय पण मुलगा शब्द सांगतो, पडदा त्याला दाखवत नाही.

आतापर्यंत ३ वेळा मेले. एकदा शवागारातच, दोनदा बाहेर गल्लीत गुंडांच्या हातून. वॉर्डातल्या रजिस्टरसारखी वही केली आहे, तारीख आणि वेळ लिहून ठेवते. नावाचा रकाना रिकामा आहे.